हलका हवा, हलता नको

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला तो 'भार'. दप्तराचं ओझं, कर्जाचं ओझं, मनावरचं ओझं यांवर लिहिणारे बरेच असतील. मला आठवली ती रविवारी पहाटे कांदिवली स्टेशनवर दिसणारी माणसं. पाठीला कॅमेऱ्याची बॅग आणि बॅगेच्या कडेला पट्ट्याने आवळलेला ट्रायपॉड. कुणी कसाऱ्याकडे निघालेलं असतं, कुणी रिक्षा करून राष्ट्रीय उद्यानाकडे, कुणी उलट्या दिशेला खाडीकडे. या सगळ्यांच्या बोलण्यात एक मागणी हमखास येते. ट्रायपॉड हलका हवा आणि दणकटही हवा. आता कार्बन फायबरचे ट्रायपॉड सर्रास मिळू लागल्यामुळे दोन्ही एकत्र मिळतं, असं दुकानदार सांगतात. ते कितपत खरं आहे आणि कुणासाठी खरं आहे, हे बघायला मी कांदिवलीत हिंडलो.

या कामासाठी कांदिवलीइतकं सोयीचं उपनगर शोधून सापडणार नाही. पूर्वेला ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला टाउनशिप ओलांडली की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर लागतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, बिबटे असलेलं जंगल. पश्चिमेला चारकोपच्या टोकाला इमारती संपतात आणि तिवरांचं रान सुरू होतं. मधल्या पट्ट्यात लग्नाचे फोटो काढणारे, गरब्याचे व्हिडिओ करणारे, नाटकांचं चित्रीकरण करणारे राहतात. म्हणजे पक्षी, डोंगर आणि मांडव ही ट्रायपॉडची तिन्ही गिऱ्हाइकं एकाच पिनकोडच्या आसपास.

खाडीकाठी एक हजारांश मिलिमीटर

चारकोपच्या खाडीकाठी हिवाळ्यातली सकाळ. ओहोटीचा चिखल उघडा पडलेला, त्यात शेकाटे आणि तुतवार चोची खुपसत फिरत होते. पलीकडे गोराईच्या पॅगोडाचा सोनेरी कळस. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तिवरांच्या कडेला ट्रायपॉड लावून उभे होते. कॅमेऱ्याला १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स. लेन्सचं वजन दोन किलो, कॅमेरा धरून तीनच्या आसपास. समोर खुंटावर खंड्या बसलेला.

"इकडे या, दाखवतो," म्हणाले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर खंड्याचा डोळा दहापट मोठा करून ठेवलेला होता. त्यांनी ट्रायपॉडच्या एका पायाला बोटाने हलकीच टिचकी मारली. डोळा पडद्यावर थरथरला, वर-खाली गेला आणि क्षणात जागेवर आला. मग बॅगेतून त्यांनी आपला जुना, बारीक पायांचा ट्रायपॉड काढला आणि तोच कॅमेरा त्यावर चढवला. पुन्हा टिचकी. या वेळी डोळा पडद्याबाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला आणि शांत व्हायला बराच वेळ लागला. "दुकानात हे कळत नाही. दुकानात सगळेच ट्रायपॉड उभे राहतात," काका म्हणाले.

त्या थरथरीमागचं गणित साधं आहे. ६०० मिलिमीटरची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवर जेमतेम साडेतीन अंशांचा आडवा पट्टा दाखवते. अशा सेन्सरवरचा एक बिंदू सुमारे सहा हजारांश मिलिमीटरचा असतो. हिशेब मांडला तर दहा सेंटिमीटर लांबीच्या कॅमेऱ्याचं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत मिलिमीटरचा फक्त हजारावा भाग खाली-वर झालं, तरी चित्र एका बिंदूने सरकतं. पाच-दहा बिंदूंनी सरकलं की पिसं पिसं राहत नाहीत, फोटो 'सॉफ्ट' येतो. डोळ्याला ट्रायपॉड निश्चल दिसतो, पण डोळ्याची मोजपट्टी इथे उपयोगाची नाही.

शटरचा वेगही इथे येतो. हजारांश सेकंदाच्या शटरला थरथर पकडायला वेळ मिळत नाही. तीस सेकंद उघडं राहणाऱ्या शटरमध्ये सुरुवातीची थरथर एकूण वेळेच्या मानाने नगण्य ठरते. सगळ्यात वाईट पट्टा मधला, साठांश सेकंदापासून एका सेकंदापर्यंतचा. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उजेडात आपण नेमके त्याच पट्ट्यात असतो. म्हणून काका बटण कधी बोटाने दाबत नाहीत. दोन सेकंदांचा टायमर लावतात किंवा रिमोट वापरतात. पक्षी तेवढं थांबला नाही तर थांबला नाही.

नळी कशी बनते

कार्बन फायबर म्हणजे धातू नव्हे, हे बऱ्याच गिऱ्हाइकांना सांगावं लागतं. मूळ माल असतो अ‍ॅक्रिलिकचा धागा. तो आधी दोन-तीनशे अंशांना हवेत भाजतात, मग प्राणवायू वगळून हजार अंशांच्या वर तापवतात. बाकीचं सगळं उडून जातं आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. एकेक तंतू पाच ते सात मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. या प्रकारे तंतू काढण्याची वाट १९६१ मध्ये जपानच्या अकिओ शिंदो यांनी दाखवली. पुढे विमानं, मासेमारीच्या काठ्या, बॅडमिंटनच्या रॅकेट असं करत हा माल सगळीकडे पोचला. फ्रान्समधल्या गित्झो कंपनीने १९९४ मध्ये त्याचा ट्रायपॉड बाजारात आणला.

ट्रायपॉडची चांगली नळी करताना एपॉक्सी राळेत भिजवलेल्या तंतूंचे पातळ तक्ते पोलादी दांड्यावर गुंडाळतात, अगदी सुरळीच्या वड्या वळाव्यात तसे. मग वरून फीत आवळून भट्टीत घट्ट करतात आणि दांडा काढून घेतात. कारागिरी आहे ती तक्ते कोणत्या दिशेने गुंडाळायचे त्यात. नळीच्या लांबीला समांतर गेलेले तंतू तिला वाकू देत नाहीत. तिरपे, ४५ अंशांत गेलेले तंतू तिला पिळू देत नाहीत. तिरपे थर कमी ठेवले तर नळी वाकणार नाही, पण कॅमेरा डावीकडे-उजवीकडे फिरवताना पाय पीळ खातील आणि हात सोडल्यावर चित्र थोडं मागे सरकेल. वर दिसणारी चौकटीची सुंदर वीण बहुतेक वेळा शोभेचा शेवटचा थर असतो. जाहिरातीत '८ थर', '१० थर' असं लिहिलेलं असतं. थर कोणत्या दिशेचे हे त्यावरून कळत नाही, म्हणून त्या आकड्यावर पैसे टाकू नयेत.

वजनाचं म्हणाल तर कार्बनच्या नळीची घनता साधारण १.६ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७. ऐकून वाटतं ट्रायपॉड निम्म्यावर येईल. तसं होत नाही, कारण नळ्या सोडून बाकी सगळं, म्हणजे वरचा सांधा, कुलपं, स्क्रू, मधला दांडा आणि कॅमेरा बसतो ते डोकं, बहुतेक धातूचंच राहतं. मॅनफ्रोटोच्या ०५५ या जुन्या-जाणत्या ट्रायपॉडचे तीन भागांचे पाय अ‍ॅल्युमिनियममध्ये अडीच किलो भरतात आणि कार्बनमध्ये दोन. डोकं वेगळं. म्हणजे बचत पाचव्या हिश्शाची, अर्ध्या किलोची. किंमत मात्र दीडपट-दुपटीच्या घरात जाते.

मग कार्बन घ्यायचाच कशाला? अर्धा किलो हे एक कारण. दुसरं कारण तितकंच मोलाचं आहे. तंतू आणि राळ यांची ही जोडणी थरथर लवकर गिळते. धातूची नळी टिचकीनंतर घणघणत राहते, कार्बनची गप्प होते. काकांच्या पडद्यावर खंड्याचा डोळा लगेच स्थिरावला त्यात या गुणाचा मोठा वाटा होता. तिसरं, हिवाळ्यात डोंगरावर अ‍ॅल्युमिनियमचे पाय हाताला बर्फ लागतात, कार्बनचे लागत नाहीत.

महावीर नगरचं दुकान

महावीर नगरमध्ये कॅमेरे भाड्याने देणारं एक छोटं दुकान आहे. लग्नसराईत तिथे सकाळी उभं राहायला जागा नसते. लेन्स, लाइट, गिंबल, बॅटऱ्या वहीत लिहून बाहेर जातात आणि रात्री परत येतात. दुकानाच्या मालकांना सगळे भाई म्हणतात. विकणारा माणूस वस्तू नवी असताना बघतो आणि भाड्याने देणारा ती थकल्यावर बघतो, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

भाईंनी कोपऱ्यातल्या ढिगातून तीन ट्रायपॉड काढले आणि जमिनीवर ठेवले. "नळी सहसा मोडत नाही," ते म्हणाले. "सुटतो तो जोड. नळी आणि वरचा धातूचा गाभा यांच्यात ग्लू असतो, तो सुटतो. नाहीतर लॉक घसरतं. किंवा प्लेट हरवते. प्लेट तर दर लग्नात हरवते." मग त्यांनी तपासायचं कसं ते करून दाखवलं. गिऱ्हाइकाने दुकानात ते जसंच्या तसं करावं असं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी तिन्ही पाय पूर्ण उघडायचे, कुलपं घट्ट करायची आणि ट्रायपॉड फरशीवर उभा करायचा. मधला दांडा वर काढायचा नाही. दोन्ही तळवे वरच्या पाटावर ठेवून सरळ खाली दाबायचं. कुलूप घसरत असेल तर पाय आत जाताना जाणवतो. मग पाट दोन्ही हातांनी धरून, बरणीचं झाकण फिरवतो त्या ताकदीने डावीकडे-उजवीकडे पिळायचं. इथे स्वस्त ट्रायपॉड उघडा पडतो. पाय जमिनीला चिकटलेले राहतात आणि वरचा भाग बोटभर फिरतो. शेवटी एकेक पाय उचलून हातात हलवायचा. सांध्यात खडखड आली तर तो ट्रायपॉड परत ठेवायचा.

भाईंच्या तीन ट्रायपॉडपैकी एकाला पाच भागांचे पाय होते. मिटल्यावर तो इतका आखूड की दप्तरात मावावा. तरुण मुलं तोच मागतात. पिळल्यावर मात्र तोच सर्वांत जास्त फिरला. याचं कारण त्याच्या शेवटच्या नळ्यांच्या व्यासात आहे. गोल पातळ नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढतो, भिंतीची जाडी तीच असेल तर. २२ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरची नळी घेतली तर वजन सुमारे सव्वापट होतं, पण ताठपणा दुपटीच्या थोडा वर जातो. उलट खाली आलं की घसरण तितकीच जोरात. पायाचा प्रत्येक पुढचा भाग आधीच्या नळीत मावायचा म्हणून तीन-चार मिलिमीटरने बारीक होत जातो. वरची नळी २८ची असली तरी पाचव्या भागाला पंधराच्या आसपास व्यास उरतो. सगळा भार शेवटी त्या काडीवर येतो.

त्यामुळे ट्रायपॉड बघताना वरची नळी न बघता खालची बघावी. तीन भागांचा सर्वांत ताठ, पण मिटल्यावर पाऊण मीटरच्या आसपास लांब. लोकलच्या गर्दीत तो बॅगेबाहेर आला की दुसऱ्याच्या खांद्याला, गळ्यातल्या ओढणीला अडकतो. पाच भागांचा न्यायला सोपा, कामाला कच्चा. उपनगरी माणसासाठी चार भाग हा मधला आणि बरोबर मार्ग आहे.

मधल्या दांड्याबद्दल भाईंचं मत ठाम आहे. "तो वर काढला की तीन पाय राहतातच कुठे? एका काठीवर कॅमेरा ठेवल्यासारखं झालं." म्हणून उंची मोजताना दांडा खाली ठेवून मोजावी. दांडा न काढता कॅमेरा डोळ्याच्या जवळपास आला तर तो आपल्या उंचीचा ट्रायपॉड. कॅमेरा आणि डोकं मिळून वीसेक सेंटिमीटर वर भर पडते, त्यामुळे पाय स्वतः डोळ्याइतके उंच असायची गरज नाही.

खोक्यावर लिहिलेल्या 'भार क्षमता' या आकड्याचंही थरांच्या आकड्यासारखंच. बारा किलो, अठरा किलो असे आकडे असतात. प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने काढते. इतक्या वजनाने ट्रायपॉड मोडणार नाही, एवढंच त्यातून कळतं. फोटो धारदार येईल असं त्यातून कळत नाही. जाणकार छायाचित्रकार आपल्या सामानाच्या निदान तिप्पट आकडा असलेला ट्रायपॉड घेतात, तेही पिळून बघितल्यावरच.

डोकं आणि पट्टी

लोक पायांवर महिनोन्महिने विचार करतात आणि डोकं सोबत मिळेल ते घेतात. हा उलटा हिशेब आहे. कॅमेरा पायांवर नसतो, डोक्यावर असतो. उत्तम पायांवर ढिलं डोकं बसवलं तर थरथर तिथूनच सुरू होते.

साध्या फोटोंना बॉलहेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं डोकं, पुरतं. त्यात बघायची गोष्ट एकच आहे. कॅमेरा नेमका बसवून कुलूप घट्ट केल्यावर चौकट खाली सरकते का? लेन्स जड असताना किंचित 'ड्रॉप' होणारं बॉलहेड आयुष्यभर त्रास देतं. काकांसारख्या लांब लेन्सवाल्यांना गिंबल हेड लागतं. त्यात लेन्सचा तोल मधोमध साधलेला असतो आणि उडत्या पक्ष्यामागे ती एका बोटाने फिरते. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना फ्लुइड हेड. त्यांच्या कामात कॅमेरा सावकाश, अडखळल्याविना फिरायला हवा, आणि त्यासाठी वजनदार अ‍ॅल्युमिनियमचा ट्रायपॉडच बरा, असं मांडवात काम करणाऱ्या सगळ्यांनी सांगितलं. त्यांचं सामान टेम्पोतून येतं. कार्बनवर दुप्पट पैसे घालून त्यांचा फायदा नाही.

कॅमेऱ्याखाली लागते ती पट्टी, म्हणजे क्विक रिलीज प्लेट, आर्का-स्विस पद्धतीची घ्यावी. अडतीस मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना तिरपी खाच असलेली ही पट्टी आता जवळजवळ सर्वमान्य झाली आहे. कॅमेऱ्याच्या बुडाला पाव इंची आटे असतात, डोक्याच्या बुडाला तीन अष्टमांश इंची. हे माप आंतरराष्ट्रीय मानकात बसवलेलं आहे, म्हणून एका कंपनीचं डोकं दुसऱ्या कंपनीच्या पायांवर बिनधास्त बसतं. पाय आणि डोकं वेगवेगळं निवडायला काहीच हरकत नाही.

लाकडाचे पाय

मुंबईत हलत्या चित्रांची सुरुवात झाली तेव्हा ट्रायपॉड लाकडाचे होते आणि वजनाची तक्रार करायची सोय नव्हती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडी फिरवून चालायचा. एका हाताने सतत दांडी फिरवत राहायचं आणि त्या झटक्यांनी चित्र हलू द्यायचं नाही, यासाठी पाय जाड आणि जडच लागत.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले आणि 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रं घेत, बीज ते रोप हा प्रवास मिनिटाभराच्या फिल्मवर आणला. ती बघूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. आज याला टाइमलॅप्स म्हणतात. विचार करा, त्या सगळ्या दिवसांत कॅमेरा केसभर जरी सरकला असता तर रोप वाढताना दिसण्याऐवजी उड्या मारताना दिसलं असतं. भारतीय चित्रपटाचा पाया घालणाऱ्या त्या प्रयोगात अचल उभ्या कॅमेऱ्याचा वाटा होता.

लाकूड अजून गेलेलं नाही. थरथर गिळण्यात ते कार्बनच्या तोडीस तोड आहे. रस्त्यांच्या आणि मेट्रोच्या मोजणीची यंत्रं आजही लाकडी किंवा फायबरच्या जाड पायांवर ठेवलेली दिसतात. ते पाय गाडीतून येतात. खांद्यावरून डोंगर चढायचा असेल तेव्हाच हलकेपणाला किंमत येते.

काजव्यांसाठी चढण

ठाकूर व्हिलेजमध्ये राहणारी एक शिक्षिका दरवर्षी पावसाच्या तोंडावर पुरुषवाडीला किंवा भंडारदऱ्याला जाते. कांदिवलीहून दादर, तिथून कसारा लोकल, पुढे जीप. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तिथली झाडं काजव्यांनी लखलखतात. काजव्यांचा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही. वीस-तीस सेकंदांची कितीतरी चित्रं एकामागून एक घ्यायची आणि नंतर संगणकावर एकावर एक ठेवायची. मधल्या तासाभरात कॅमेरा जराही हलला तर झाडाच्या फांद्या दुहेरी येतात आणि सगळी रात्र वाया जाते. वर पावसाळी वारा आणि पायाखाली भिजलेली माती.

"पूर्वी माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा होता, डोक्यासकट तीन किलोच्या वर," ती म्हणाली. "हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून चढताना अर्ध्या वाटेवर दादाच्या बॅगेत टाकायची. मग पुढच्या ट्रेकला नेलाच नाही. कोकणकड्यावर आकाशगंगा समोर आणि कॅमेरा दगडावर टेकवलेला." आता तिच्याकडे कार्बनचा आहे, डोक्यासकट दोन किलोच्या आत. तो घरी राहत नाही. माझ्या मते कार्बनच्या बाजूने यापेक्षा भक्कम मुद्दा नाही. किलोभराच्या फरकाने ट्रायपॉड न्यायचा की ठेवायचा हे ठरतं, आणि ठेवलेला ट्रायपॉड कितीही दणकट असला तरी फोटोच्या कामाचा नाही.

तिने वाऱ्याचा उपायही सांगितला. हलक्या ट्रायपॉडला मधल्या दांड्याच्या खालच्या आकड्यावर बॅग लटकवतात. मोकळी लटकवली तर बॅग वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडला हलवते. म्हणून ती जमिनीला टेकेल इतकी खाली सोडायची. पाय थोडे पसरायचे, शक्य असेल तर बसून काम करायचं, म्हणजे सर्वांत बारीक भाग बाहेर काढावाच लागत नाही. मातीत रबरी टोकं फिरकीने आत घेऊन पोलादी अणी बाहेर काढायची.

मीठ आणि वाळू

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे अशाच अण्या करून मिळतात. मी गेलो तेव्हा तो एका ट्रायपॉडसाठी पितळेचं बूश कातत होता. मूळ प्लॅस्टिकचं बूश गोराईच्या वाळूने झिजून गेलं होतं. कुलूप उघडल्यावर आत करड्या चिखलाचा थर दिसला. "समुद्रावरून आले की तसंच मिटून ठेवतात," तो म्हणाला. "वाळू आत. मीठ आत. मग म्हणतात कार्बन असून खराब कसा झाला." नळी आखूड करून द्या म्हणून कुणी आलं तर तो मास्क लावून, पाणी सोडत कापतो. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नसते आणि कापलेल्या कडेची कुसळं हातात शिरतात.

कार्बन गंजत नाही, हे खरं. त्याला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम मात्र खाऱ्या पाण्यात नेहमीपेक्षा लवकर झिजतं, कारण कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात खाऱ्या पाण्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. जोडापाशी पांढरी भुकटी दिसली तर ती हीच. मार्वे, गोराई, मनोरीहून परतल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवावेत, फिरकीची कुलपं सोडून वाळू काढावी, रात्रभर उघडे वाळवावेत आणि आट्यांना हलकंसं ग्रीस लावावं. खारं पाणी नळीच्या वरच्या सांध्यापर्यंत जाऊ देऊ नये. चिखलात उभं करताना सर्वांत खालचा भाग थोडा आधी बाहेर काढावा, म्हणजे कुलूप पाण्याच्या वर राहतं.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅल्युमिनियमला मार लागला की पोचा दिसतो. कार्बनला नेमक्या जागी आपटलं, चेपलं, तर आतले थर सुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जुना ट्रायपॉड विकत घेताना नळीवर नाण्याने हलकेच वाजवत जावं. आवाज एका जागी भद्द आला तर ती नळी सोडावी.

कुठे उभा करायचा

ट्रायपॉड लावला की माणूस लोकांच्या नजरेत 'शूटिंगवाला' होतो. हातात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला कुणी हटकत नाही, तीन पाय उघडले की शिट्टी वाजते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी त्यात आली. रेल्वेच्या हद्दीतही परवानगीशिवाय तो लावता येत नाही. काजव्यांच्या गावात गावकऱ्यांना आणि वनखात्याला विचारूनच उभं राहावं आणि टॉर्च, फ्लॅश बंद ठेवावा. तो काजव्यांचा विणीचा काळ असतो आणि उजेडाने त्यांचे इशारे बिघडतात.

जंगलाच्या कडेला फोटो काढणाऱ्यांना नयन खानोलकरांचं चित्र ठाऊक असतं. आरे वसाहतीतल्या वारली पाड्याच्या गल्लीतून रात्री चालत येणारा बिबट्या. २०१६ मध्ये त्याला 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मिळाला. त्यामागे महिनोन्महिने एकाच जागी लावून ठेवलेला कॅमेरा, पाड्यातल्या माणसांचा विश्वास आणि थांबण्याची तयारी होती. उपकरण स्थिर ठेवण्याआधी तिथल्या माणसांत स्वतःला स्थिर करावं लागतं, हे त्या चित्रातून शिकण्यासारखं आहे.

काय घ्यावं

एवढं हिंडल्यावर माझं मत स्पष्ट झालं आहे. सामान गाडीतून जात असेल, काम मांडवात किंवा स्टुडिओत असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचा जाड ट्रायपॉड घ्या आणि वाचलेले पैसे लाइटवर लावा. लोकल, जिना, चढण आणि पायवाट तुमच्या वाट्याला असेल तर कार्बन घ्या. वरची नळी २८ मिलिमीटरच्या आसपास, पाय चार भागांचे, त्याहून जास्त नकोत. दांडा वर न काढता डोळ्याच्या जवळ येईल इतकी उंची. आर्का पद्धतीची पट्टी. पाय आणि डोकं मिळून दोन किलोच्या आसपास. सहाशे मिलिमीटरची लेन्स रोज वापरणार असाल तर ३२ मिलिमीटरची नळी आणि गिंबल हेड, आणि अर्धा किलो जास्त उचलायची तयारी ठेवा. तिथे काटकसर चालत नाही.

एकूण पैशांतला निदान तिसरा हिस्सा डोक्यासाठी राखा. नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे पाय पाऊण लाख-लाखाच्या घरात जातात. त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात मिळणारे कार्बन ट्रायपॉडही पिळून पाहिल्यावर खरे उतरले तर खुशाल घ्या. खोक्यावरचे थर आणि किलो वाचून मात्र घेऊ नका.

आणि घाई करू नका. भाईंसारखी भाड्याने देणारी दुकानं आता बहुतेक उपनगरांत आहेत. मनात भरलेला ट्रायपॉड एका रविवारसाठी भाड्याने न्या, स्वतःच्या बॅगेला बांधा, लोकलने जा, टेकडी चढा, वाऱ्यात उभा करा, पडद्यावर चित्र मोठं करून पायाला टिचकी मारा. घरी आल्यावर खांदा दुखत नसेल आणि चित्र हललं नसेल, तर सोमवारी जाऊन तोच विकत घ्या.